काहूनबाई

आमच्या विणकर सोसायटीच्या सभेत एक रीत होती. चेअरमननं काही सुचवलं की कोणीतरी ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, असं विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कोणी हात वर करायचं नाही. याला आम्ही ‘काहून लावणं’ म्हणायचो. वडील गेल्यावर माग आईच्या नावावर आला, तेव्हापासून हे काम तिनं जणू मक्त्यानंच घेतलं. ती येऊन बसली की चेअरमन हसायचा, “आल्या काहूनबाई! आता सभा लवकर सुटत नाही गा!” आईही हसायची. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चेअरमन वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. एका वर्षी सूत मिळेनासं झालं, मोहल्ल्यातले निम्मे माग बंद पडले. दिवसभर खटखट ऐकायची सवय असलेल्या गल्लीत तो सन्नाटा अंगावर यायचा. तेव्हा याच माणसानं कुठून कुठून सूत पैदा केलं. पुढच्या सभेत तो म्हणाला, “संकट मोठं हाय. सभा घेत बसलो तर सूत दुसरेच पळवतीन. या वर्षापुरतं इलेक्शन राहू द्या, वाटपाचं मी पाहतो.”

आई उठली. “काहून, भाऊजी? सूत तुम्हीच आणा. पण कोणाले किती, हे सभेत ठरू द्या ना.”

लोक तिच्यावरच खेकसले. ज्यानं जगवलं त्याच्यावर शक घेते म्हणाले, आणि भराभरा हात वर झाले. घरी येताना ती एवढंच म्हणाली, “म्हातारी मेल्याचं दुःख नाही वं, काळ सोकावते.”

मग आणीबाणी लागली. सूत नेमानं यायला लागलं होतं, पण ‘या वर्षापुरतं’ काही संपेना. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांना पोलिसांनी नेलं, तर नळावर त्यांच्या बायकोशी कोणी बोलेना. बायका आपापल्या घागरी भरून खालमानेनं निघून जायच्या. अशात आई सोसायटीत गेली. मी सोबत होते.

“भाऊजी, सभा काहून नाही?”

तो नेहमीसारखाच हसला. “काहूनबाई, सध्या टाइम कसा हाय, ठाऊक हाय ना? हा शब्द आता घरीच ठेवत जा.”

नाव तेच, हसूही तेच. पण मी आईचा हात धरून तिला बाहेर ओढलं.

पुढच्या वाटपात आमचं सूत आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोसायटीशिवाय सूत मिळायची सोय नव्हती, म्हणून आमचा माग थांबला आणि आई दुसऱ्यांच्या घरी मजुरीनं सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. शेजारी आमच्या दारावरून सुताचे गठ्ठे नेताना उगाच खोकायचे. अस्सा संताप यायचा! यांच्याच वाट्यासाठी ती भांडली होती ना?

आणीबाणी उठली, गुलाल उधळला, आणि सोसायटीचंही इलेक्शन झालं. चेअरमन पडला. त्याच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं बोंब मारणारा निवडून आला. आता आमचा माग चालणार, या आनंदात मी आईचा हात धरून पहिल्या सभेला गेले.

नवा चेअरमन उभा राहिला. “जुन्यानं सारं बिघडवून ठेवलं हाय. निस्तरायले वेळ लागते. या वर्षापुरतं वाटप माझ्यावर सोडा.”

माना हळूहळू आईकडे वळल्या. मीही तिच्याकडे पाहत होते, आणि खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला तिची लाज वाटत नव्हती. विचार आई, विचार.

आईनं पदर सावरला आणि हात वर केला. सगळ्यांच्या आधी.

“आई, काहून वं?” मी कुजबुजले.

“सूत पाहिजे ना,” ती म्हणाली.

बाकीचे हात वर गेले. त्या आठवड्यात आमच्या घरी सूत आलं. आणि त्यानंतर आमची सभा नेहमी लवकर सुटायला लागली.