प्रवाळाला तांब्याचं पाणी

माशांच्या काचेच्या टाकीतल्या दगडी प्रवाळाला मी तांब्याच्या हंड्यातलं पाणी घातलं आणि त्याला जवळजवळ मारलं.

त्या टाकीतलं खारं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. आमच्या घरी सकाळी सगळे हंड्यातलं पाणी पितात. पोटाला चांगलं! मग या बिचाऱ्यालाच का उपाशी ठेवा, म्हणून मी रोज प्रेमाने लोटाभर ओतत राहिलो. प्रवाळ हाडासारखं पांढरं पडलं, तेव्हा ते विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो ओरडलाच, “काका, तांबं म्हणजे यांना विष!”

माझ्या अकलेचा असा संताप आला! पण स्वतःवर माणूस किती वेळ रागावणार? मग मी प्रवाळावरच उखडलो. कुत्रं केकाटतं, मासा तडफडतो, गुलाबसुद्धा पानं टाकून निषेध करतो. आणि हा प्राणी? स्वतःभोवती दगडाचं घर बांधून आत मुकाट मरतो! आपल्या प्रेमाचे घोट असे किती जण गुपचूप गिळत असतील, आणि आपण आपले हंडा घेऊन उभे, चेहऱ्यावर पुण्य केल्याचा भाव. या विचाराने तर डोकं आणखीच तापलं.

प्रवाळाच्या एका कडेला अजून थोडा मूळचा तपकिरी रंग उरलाय. टाकीतलं पाणी बदलता बदलता मी त्याच्यावर खेकसलो, “अरे, एकदा तरी बोलायचंस!”

मागून बायको म्हणाली, “त्याने बोलून काय झालं असतं? मी लग्नापासून बोलतेच आहे.”