वापसीची तारीख

कडूबा तीस वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये होता, पण मालगाडीच्या वाघिणीवर, म्हणजे डब्यावर, काय लिहिलेलं असतं, ते त्याला रिटायर झाल्यावर कळलं. नोकरीभर त्यानं मान खाली घालून रूळ पाहिले, खडी पाहिली, रूळ धरून ठेवणाऱ्या ढिल्या चाव्या ठोकल्या. वर बघायला त्याला सांगितलंच कुणी होतं?

मग लेक दीपमाला रेल्वेतच लागली आणि थेट बिलासपूरला गेली, डबे तपासायच्या कामावर. तेव्हापासून हा गडी रोज सकाळी परतूरच्या फाटकाजवळ बाभळीखाली बसू लागला. कोळशाची गाडी आली की डब्यांवरची अक्षरं वाचायची. द. पू. म. म्हणजे लेकीची रेल्वे, दक्षिण पूर्व मध्य. आपली ती द. म., दक्षिण मध्य.

पहिल्या दिवसापासून त्याचं डोकं चक्रावलं. एकच जागा दक्षिणेला, पूर्वेला आणि मध्यभागी, अशी तिन्हीकडं कशी असेल? बरं, एकाच गाडीत एक डबा लेकीकडचा, त्याला चिकटून पश्चिमेचा, मागं उत्तरेचा, आणि ओढणारं इंजिन चौथ्याच कुणाचं. शेवटी त्यानं फोनवर विचारलं.

"दीपे, तुमचा डबा हिकडं काय करून राह्यलाय? चुकून आल्ता का?"

"चुकून न्हाई बाबा. डबे समदे मिळून वापरतेत. कोळसा भरायच्या वक्ताला जो मोकळा असंल तो घ्यायचा. नाव निस्तं मालकाचं."

"मंग तो घरी कधी जातो?"

"त्याच्यावर वापसीची तारीख लिहिलेली असती. त्या तारखेपर्यंत दुरुस्तीला पोचला पायजे."

हे ऐकून गोंधळ कमी व्हायचा सोडून वाढलाच. लोखंडाच्या डब्याला मुलूखभर फिरायची मुभा, वर घरी जायची तारीखही पक्की, आणि आपल्या लेकीचा इकडं बदलीचा अर्ज मात्र सहा वर्षं पडून. कडूबाला खरंच राग यायचा. तो कुणावर काढावा हे कळायचं नाही, म्हणून तो डब्यांवरच डोळे वटारायचा.

गेल्या मंगळवारी अर्जाचा निकाल लागणार होता. कांताबाईचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, दोन्ही गुडघे गेलेले. लेक जवळ येते की नाही या काळजीनं ती सकाळपासून चहालासुद्धा शिवली नव्हती. अकराच्या सुमारास फाटकाजवळ कडूबाच्या मोबाईलवर मेसेज आला: ‘साहेबांनी दम दिला. कामावर आहे, संध्याकाळी बोलते.’

दम दिला? बदली मागितली म्हणून? त्यानं फोन लावला, तिनं उचलला नाही. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, "साहेबानं दम दिला तिला."

कांताबाईनं डोळ्याला पदर लावला. "कशापायी? इतकं बराबर काम करती पोरगी."

घरात बसवेना म्हणून तो पुन्हा फाटकावर आला.

कोळशाची गाडी सिग्नलला थांबलेली होती. डोळ्यांसमोरचा डबा नेमका आपल्या लाईनचा निघाला. रंग उडालेला, अक्षरांमधली टिंबं पुसून गेलेली. आजवर हजारदा वाचलेलं त्यानं पुन्हा वाचलं. दम. मोबाईल काढून मेसेज वाचला. परत डबा वाचला. कामाच्या घाईत मोबाईलवर टिंबं द्यायला कुणाला फुरसत असते?

"काका, काय हरवलं का?" फाटकवाल्या मच्छिंद्रानं विचारलं. कडूबा घराकडं जवळजवळ पळतच सुटला.

"अगं, साहेबानं दम दिला."

"ते मघाशीच सांगितलं की तुम्ही. त्याच्यात हसायचं काय?"

त्याला धड सांगता येईना. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते. शेवटी त्यानं परातीतल्या पिठात बोटानं द काढला, पुढं टिंब दिलं. मग म काढला, पुढं टिंब.

कांताबाईनं चष्मा लावून पिठातलं एकेक अक्षर वाचलं. मग गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि तिनं स्वतःच चहाचं आधण ठेवलं.

"मंग वापसीची तारीख कोणती म्हणली?" तिनं विचारलं.