मीठ बरोबर

शाई ओली होती. अंगठा लावला तर अंगठा निळा झाला आणि ओळीतलं शेवटचं अक्षर पसरलं. सकाळी हेच पान कोरं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. दाराला आतून कडी, घरात मी एकटी... आणि अक्षर आमच्या यांचं. यांना जाऊन दोन वर्षं झाली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. चौथी शिकले आहे, वेडी नाही.

इकडे हिंदी मुलखात, घमापुरात आमचं दोन खोल्यांचं घर. हे खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. घरी आले, जेवले, की डायरी लिहायला बसत. चाळीसच्या वर डायऱ्या झाल्या. त्यांच्या हयातीत मी एकही उघडली नाही. मागच्या महिन्यात मुलाचा पुण्याहून फोन आला.

"आई, ती रद्दी अजून काहून ठेवली? देऊन टाक न. कोण वाचून राहिलं?"

"मी."

"तू?" म्हणाला आणि हसला.

म्हणून वाचल्या. आठ दिवस वाचत होते. खरं सांगायचं तर मी त्यात मलाच शोधत होते. इतकी वर्षं ज्याला वाढलं, त्याने आपल्याबद्दल काही तरी लिहिलं असेल...

काही नाही. फर्स्ट शिफ्ट. नळ आला नाही. भाजी दोडका, मीठ जास्त. मीठ जास्त तर शंभरदा! माझं नाव कुठेच नाही. जुने लोक बायकोला 'घरी' म्हणत, तशी मी म्हणजे 'घरी'. "घरी ताप." "मुलगा झाला. घरी ठीक." आणि एका पानावर — "मुलगी गेली. घरी रडून राहिली. सेकंड शिफ्ट." एवढंच. ते वाचलं आणि ठरवलं, जाऊ देत रद्दीत.

शेवटची डायरी त्यांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी थांबते. पुढची पानं त्या सकाळी मी एकेक करून उलटली. सगळी कोरी. गोणी भरली, ती डायरी सगळ्यात वर ठेवली. मग एकटीपुरता स्वैपाक केला, दोडका-पोळी. जेवले आणि उष्टं ताट घेऊन उठले, तर गोणीवर डायरी उघडी. शेवटच्या नोंदीनंतरचं पहिलंच पान.

"आज गोदाने दोडका केला. मीठ बरोबर."

हातातलं ताट पडलं. मी वाकून अंगठा लावला, तोच शेजारची भाभी दार वाजवायला लागली. कडी काढली.

"क्या गिरा, अम्मा जी?"

मी डायरी तिच्यापुढे धरली. "पढ़ो तो. मुझे ही दिख रहा है क्या?"

तिला मराठी येत नाही, पण अक्षरं हिंदीचीच. अडखळत वाचलं. "आज गोदा... अम्मा जी, ये गोदा कौन है?"

"थी एक."

"अच्छा! अंकल जी भी..." ती हसायला लागली. मी हसले नाही.

गोदा माझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीने 'सुमती' लिहिलं आणि गोदा तिथेच संपली. यांच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलं नाही. मुलाला माहीत नाही. माहेरचं आता कोणी उरलं नाही.

यांचा पेन शोधून काढला. आतली शाई वाळून खडा झाली होती. मग कोणी लिहिलं, कशाने लिहिलं? मला माहीत नाही. भाभीने कोण्या बाबाचा पत्ता दिला, तिकडे मी गेले नाही.

बाकी डायऱ्या संध्याकाळी रद्दीवाल्याला दिल्या. ही ठेवली. रोज जेवण झालं की पुढचं पान उघडून पाहते. कोरं असतं.

या गल्लीत मला सुमतीबाई म्हणतात. पण ते पान वाचणारी बाई गोदा होती. ती मीच.