बाबा इंजिनात बसले

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्याचा आमच्या घराला झालेला पहिला फायदा म्हणजे कॉम्प्युटर. बाबांचा हिशोब सरळ होता. राजधानी आली म्हणजे मंत्रालय येणार, मंत्रालय आलं म्हणजे नोकऱ्या निघणार, आणि नोकऱ्या निघाल्या की आपल्या पोट्टीला टायपिंग यायला पाहिजे. म्हणून तात्यापाऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत, देव्हाऱ्याच्या शेजारी, आईनं शिवलेल्या झालरीच्या कव्हराखाली कॉम्प्युटर येऊन बसला.

टायपिंग मी शिकले. पण त्याआधी एका मैत्रिणीनं मला एक गेम आणून दिला. त्यात एक अख्खं परदेशी शहर होतं. समुद्र, पूल, टेकड्या, विमानतळ, सगळं. गेमचा नायक एक टग्या. त्यानं टोळीची कामं करायची: याला बदड, त्याची गाडी पळव. मी ती कामं करायचेच नाही. मला नुसतं भटकायला आवडायचं. बाहेरच्या रायपुरात तेव्हा एक रस्ता खोदलेला असायचा आणि दुसरा लाल दिव्याच्या गाडीसाठी अडवलेला. शिवाय सायकल काढली की आई दारातून ओरडायची, "कुठं चालली वो?" त्या शहरात मात्र कोणी विचारायचं नाही. आमचं मंत्रालय नेमकं कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण त्या शहरातली गल्ली न् गल्ली पाठ होती.

बाबा मालगाडीचे गार्ड. ड्यूटीवरून कोळशाची पूड अंगावर घेऊन यायचे, पडद्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हे टायपिंग होय काय?" आई आतूनच उत्तर द्यायची, "शिकून राहिली ना थे. तुम्ही आंघोळ करा आधी."

मग नोकरी लागली, नव्या रायपुरात ऑफिस मिळालं, तेलीबांध्याला फ्लॅट झाला. गेम मागे पडला. आणि इतक्या वर्षांनी तोच गेम नव्यानं सजवून बाजारात आल्याचं कळलं, तेव्हा मी तो घेतला आणि थेट टीव्हीला जोडला. त्याच सुमाराला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. माझ्या बिल्डिंगला लिफ्ट असल्यामुळे आई-बाबा माझ्याकडेच होते.

रविवारची दुपार. गेम सुरू झाला. बंदराचा तोच धक्का, तोच पूल. फक्त नारळाच्या झाडांना आता खरी पानं आली होती आणि नायकाच्या तोंडावर मुरमांचे डागही दिसत होते. मी मोठ्या प्रेमानं मोटारसायकल काढली आणि पहिल्याच वळणावर सरळ समुद्रात गेले. हातांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मागे खुर्चीत बाबा गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसले होते. मी दुसरी गाडी मिळवून निघाले, तसे ते म्हणाले, "सिग्नल लाल होता."

"बाबा, ह्याच्यात सिग्नल नाही पाळत."

"काहून? दिसत नाही काय त्यायले?"

पुढच्या चौकात एक बाई माझ्या गाडीखाली आली. आई मेथी निवडत होती, तिचा हात थांबला. "अवो, तिले दवाखान्यात तर ने!" तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आपोआप आली. "पाह्य," आई म्हणाली, "किती लवकर आली. चांगलं शहर दिसते."

बाबांना आता राहवेना. "दे इकडं," म्हणून त्यांनी कंट्रोलर घेतला. कुठलं बटण कशाचं हे नीट विचारून घेतलं आणि टॅक्सी काढली. हळू, अगदी डाव्या बाजूनं. त्या देशात गाड्या उजवीकडून चालतात, हे मी सांगेपर्यंत समोरून तिघं येऊन धडकले होते.

"सगळे राँग साइडनं येऊन राहिले!"

चौथी धडक पोलिसाच्या गाडीशी झाली. सायरन वाजायला लागला. मी ओरडले, "बाबा, भागो, भागो! पकड लेंगे!"

"काहून भागू? त्यानं ठोकलं." बाबांनी टॅक्सी कडेला लावली, नायकाला खाली उतरवलं आणि पोलिसांची वाट पाहत उभं केलं. पोलीस आले, त्यांनी त्याला पकडलं, आणि दुसऱ्या क्षणी तो ठाण्याबाहेर मोकळा उभा. बाबांचा चेहरा पडला. "झालं? बयान नाही, पंचनामा नाही? मले सांगायचं होतं ना त्यायले!"

त्यांचं मन रमावं म्हणून मी म्हटलं, "बाबा, ह्याच्यात रेल्वेपण आहे." त्यांनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली.

गाडी स्टेशनात उभी होती. मी बटण दाखवलं, नायक इंजिनात चढला. बाबा ताठ बसले. गाडी सुटली. पूल आला, बोगदा आला, समुद्र बाजूनं पळायला लागला. बाबा म्हणाले, "जन्मभर शेवटच्या डब्यात बसलो. मले नेहमी मागं पडलेलाच रस्ता दिसे. समोरून असा दिसते, हे माहीतच नव्हतं."

मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवून आईही पाहत होती.

पुढच्या स्टेशनात त्यांनी गाडी थांबवली, अगदी फलाटाला धरून. भोंगा दिला. मग माझ्याकडे वळले. "मागं गार्ड कोण आहे?"

"कोणी नाही बाबा. गेम आहे."

"बिना गार्डची गाडी कशी काय सोडू?"

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी नायकाला खाली उतरवलं. तो टग्या, ज्याचं कामच लोकांना बदडायचं होतं, फलाटावरून शिस्तीत एकेक डबा पाहत मागे चालत गेला. शेवटच्या डब्यापाशी पोचला न पोचला, तोच गाडी आपोआप सुटली आणि त्याला तिथंच टाकून निघून गेली.

आई इतकी हसली की मेथी सगळी फरशीवर. "जन्मभर मागं बसले, आज कुठं पुढं बसाले भेटलं, तर मागं पाहाले उतरले!"

बाबा आधी चिडले. "असा कसा ड्रायव्हर? गार्डचा सिग्नल घेतला नाही, काही नाही." मग त्यांनाही हसू आलं आणि गुडघा धरून हसत बसले.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. बाबांचा गुडघा वाकवणं म्हणजे रोजची लढाई. त्या दिवशी ते टीव्हीसमोर रेल्वे चालवत बसले होते, पुढे वळण होतं, आणि त्यांनी ब्रेक ओढल्यासारखा पाय आपणहून चांगला आत ओढला.

"अंकल, क्या बात है! दर्द नहीं हुआ?"

"अभी बात मत करो दीदी," बाबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "गाड़ी लेट चल रही है."

तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, कौनसी गोली चल रही है?

काही आठवड्यांनी ते काठी टेकत तात्यापाऱ्याला परत गेले. जाताना विचारलं, "आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर हे चालते काय?" मी नाही म्हटलं. "मग रविवारी येतो," ते म्हणाले.

आता दर रविवारी दोघं ई-रिक्षानं येतात. बाबा गाडी चालवतात, आई शेजारी बसून कोणकोणतं स्टेशन गेलं ते सांगते. मी हौसेनं घेतलेला गेम मला खेळायलाच मिळत नाही. मी भजी तळते.