लाल फ्रॉक

निळीच्या पाण्याचा वास आला की गोवा राज्य झाल्यानंतरची पहिली सव्वीस जानेवारी आठवते. आम्ही कुडाळहून आलेले. बाबा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाणीच्या धुळीने माझा शाळेचा पांढरा फ्रॉक कायम लाल, म्हणून गावातली पोरं चिडवायची, "खाणवाली!"

त्या सकाळी बाबांनी ट्रकला झेंडूच्या माळा बांधल्या. "ह्या गावान आमका जेवूक घातलां, आज ट्रक गावाचो," म्हणत सगळ्या पोरांना हौद्यात बसवून झेंडावंदनाला नेलं. घोषणा देऊन आमचे घसे बसले. उतरलो, तर सगळ्यांचे पांढरे कपडे मागून लालभडक! बाई हसतच सुटल्या, "आतां खाणीवयलीं कोण आनी गांवचीं कोण, कशें वळखप?"

घरी आईने निळीचं पाणी केलं. मी फ्रॉक घट्ट धरून ओरडले, "आये, ह्यो धुव नको!"