सुजाताताई आणि अर्धी वाघीण

खराडीच्या ऑफिसात परवा यूपीएस तापला, आणि त्या करपट वासाने मला थेट लहानपणीच्या, येरवड्यातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नेलं. तिथली मशीनंही तापून असाच वास मारायची.

माझी थोरली बहीण सुजाता तिथे गेममधली नेहमी एकच लढवय्यी निवडायची. तिचा चेहरा बाईचा होता, पंजे आणि शेपूट वाघिणीची. एका दुपारी ताईने गल्लीतल्या विकीला सगळ्यांसमोर हरवलं. पोरं हसली. विकीने ताईची वेणी धरून तिचं कपाळ मशीनच्या काचेवर आपटलं.

"जा, घरी जाऊन भांडी घास!"

ताईने वळून त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. तो बुक्क्या मारत राहिला, पण तिने दात सोडले नाहीत. तिच्या हनुवटीवरून त्याचं रक्त ओघळलं. शेवटी दुकानदाराने दोघांना ओढून वेगळं केलं.

"ताई, तू खरंच वाघीण झालीस!" मी वाटेत नाचत म्हणाले. ती नळावर कितीतरी वेळ चुळा भरत राहिली. मग घरापर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी कपाळावरचं टेंगूळ घेऊन ती म्हणाली, "चल, खेळायला."

तेव्हा वाटलं, ताई कुणाला घाबरतच नाही. आज माझी लेक तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि आता कळतं, ताई किती घाबरली होती. तरी गेली.