तारा आणि माळवद

पोरांच्या ढिगाखालून एक हात बाहेर आला होता आणि तो हलत नव्हता. वर सातवीची दहा-बारा पोरं एकमेकांवर पडलेली. वरची हसत होती, मधली ओरडत होती, तळातून आवाज नव्हता.

मी गावच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. वरणाचं पातेलं शेगडीवर तसंच सोडून मैदानात पळाले. विज्ञानाचे गुरुजी तिथंच होते आणि तोच हात धरून ओढत होते. मी त्यांना खांद्यानं बाजूला ढकललं.

"हात सोडा. वरची पोरं आधी काढा."

"मावशी, ती गुदमरायलीय खाली."

"म्हणूनच म्हणते. वरची आधी."

कॉलर धरून, पाय धरून, एकेकाला बाजूला फेकलं. कुणाला लागलं ते बघितलं नाही. तळाशी वर्गातली सगळ्यात बारकी पोरगी होती. ओठ निळे पडलेले. मान सरळ केली, तोंडातली माती बोटानं काढली. बराच वेळ काही झालं नाही. मग ती खोकली. मग रडली. गुरुजी तिथंच धुळीत बसले. तिला मोटारसायकलवर मधे धरून सास्तूरला दवाखान्यात नेलं. एक बरगडी चिरली होती.

मी परत आले तोवर वरण खाली लागलं होतं. तेच वाढलं. एक पोरगी म्हणाली, आजी, वरण जळलंय. म्हटलं, गुमान खा.

दुपारी गुरुजी स्वयंपाकाच्या खोलीत आले. हेडमास्तरांनी त्यांना बरंच सुनावलं होतं. मी विचारलं नव्हतं, तरी आपणहून सांगायला लागले. तारा जन्मतो कसा, मरतो कसा, हे ते पोरांना शिकवत होते. ताऱ्याच्या आतली आग बाहेर रेटते आणि त्याचं स्वतःचं वजन आत रेटतं. दोन्ही सारखं असेल तोवर तारा टिकतो. मोठ्या ताऱ्यात शेवटी मधोमध लोखंड साठत जातं. त्यातून आग मिळत नाही, नुसतं वजन वाढतं. एक वेळ अशी येते की ते पेलवत नाही, आणि मधलं सगळं क्षणात आत कोसळतं.

हे दाखवायला त्यांनी मैदानावर फक्कीनं गोल आखले होते. आतल्या पोरांनी बाहेर रेटायचं, बाहेरच्यांनी आत. ती बारकी पोरगी लोखंड म्हणून मधे. शिट्टी वाजली की आतल्यांनी मटकन खाली बसायचं. बाहेरचे तिथंच थांबतील असं त्यांना वाटलं.

"रेटणाऱ्याला थांबता येतंय व्हय, गुरुजी?" मी म्हटलं.

वरची आधी काढायची हे तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. ते बाहेरगावचे. मी सांगितलं.

आमच्या जुन्या घराला दगडाच्या भिंती होत्या आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर माती घातलेलं सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. जुना थर कुणी काढत नसे. आजेसासऱ्यांच्या वेळची मातीसुद्धा तिथंच होती. लग्न झाल्यापासून टोपल्या मीच वाहिल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात ते सगळं खाली आलं. मी तेवढी अंगणात होते. लेकीचा हात मातीतून वर आलेला दिसत होता, बोटं हलत होती. मी तो हातच ओढत बसले. वरची माती उपसली नाही. बोटं हलायची थांबली तरी ओढत होते. सासूला बाहेर काढलं ते दुसऱ्या लोकांनी, वरून उकरून.

गुरुजी रडतील म्हणून मी भांडी घासायला घेतली.

ती बारकी पोरगी परत शाळेत यायला लागल्यावर गुरुजींनी मला वर्गात बोलावलं. म्हणाले, लोखंडाचं तुम्हीच सांगा. मी चौथी शिकलेली, पण गेले. मातीचं सांगितलं, हाताचं नाही. त्याच पोरीनं विचारलं, "आजी, जुनी माती काढून का टाकली न्हाय?"

"घर गळंल म्हणून," मी म्हटलं.

मग घरात कोण कोण होतं, असं तिनं विचारलं. तेही सांगितलं. नवरा, दोन पोरं, लेक, सासू आणि मी. सासू आणि मी वाचलो.